होडी शाकारताना

देवगड, 10 मे

प्रिय मित्रा,

होडी या वर्षी तू स्वतः शाकारणार म्हणतोस, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पावसाळ्यातली मासेमारीची बंदी 1 जूनला लागते, पण तोवर थांबू नकोस. मेमधल्या उधाणाची भरती धर. अवस किंवा पुनव झाल्यावर एकदोन दिवसांत पाणी सगळ्यात वर चढतं, तेव्हा होडी जितकी वर तरंगत येईल तितकी आण. तेवढी ओढ वाचते. पुढे माडाच्या ओंडक्यांवरून भरतीच्या रेघेच्या बरंच वर घे. जुलैत उधाण आणि वारा एकत्र आला की ती रेघ आत सरकते.

ठेवताना सगळं वजन पठाणावर, म्हणजे बुडाच्या मधल्या लांब तुळईवर यायला हवं. खाली तीन ठिकाणी जाड लाकडं दे, बाजूचे टेकू फक्त तोल राखायला. टेकूंवर भार आला तर दोन महिन्यांत फळ्या आत दबतात. नाळ, म्हणजे पुढचं टोक, वीतभर उंच ठेव आणि पाणी निघून जायला मागचं बूच काढ. तुझ्या 7 मीटरच्या होडीचं तोंड साधारण 10 चौरस मीटर, म्हणजे 100 मिलिमीटर पाऊस आत साचला तर हजार लिटर, एक टन पाणी. आपल्याकडे एवढा पाऊस एका दिवसातही पडतो.

आता मुख्य गोष्ट. लाकडी होडीला कुजवतं ते पावसाचं पाणी. लाकूड कुजवणारी बुरशी खाऱ्या पाण्यात तग धरत नाही. गोडं पाणी मात्र वांकांच्या, म्हणजे फळ्या धरणाऱ्या आतल्या वाकड्या लाकडांच्या, सांध्यात मुरलं की लाकूड आतून भुसभुशीत होतं. म्हणून आतला गाळ, खवले, कुजका कचरा खरवडून काढ आणि शेवटच्या बादल्या समुद्राच्या पाण्याच्या ओत. मग चार दिवस कडक ऊन दे आणि लाकूड तापलेलं असतानाच उंडीचं तेल दोन हात चोळ. पाऊस सुरू झाल्यावर लावलेलं तेल वरच चिकट बसतं, आत जात नाही. बुडाची शिंपं ओली असतानाच खरवड, वाळली की दगड होतात. सुईच्या टोकाएवढी भोकं दिसली तर तिथे टोच्या घालून बघ: समुद्रातला किडा बाहेरून एवढंसं भोक पाडतो आणि आत बोटभर जाडीची बिळं करतो.

वर बांबूचा आढा घालून माडाच्या विणलेल्या झापांनी शाकार. प्लास्टिकचा कागद घालायचाच तर झापांच्या वर घाल, होडीला चिकटू देऊ नकोस, आणि दोन्ही टोकं उघडी ठेव. बंद केलंस तर आतून घाम सुटतो आणि ऑगस्टमध्ये सगळीकडे पांढरी बुरशी दिसते.

इंजिनाचं नेमकं उलट, त्याला गोडंच पाणी हवं. ते पिंपात उभं कर, ज्या जाळीतून ते पाणी आत घेतं तिच्या वरपर्यंत पाणी भर आणि दहा-पंधरा मिनिटं चालव. नंतर पेट्रोलची नळी काढ आणि इंजिन आपोआप बंद पडू दे. कार्बोरेटरमध्ये उरलेलं पेट्रोल उडून मागे डिंक राहतो आणि जेट, म्हणजे पेट्रोल जायचं बारीक छिद्र, बुजतं. पावसाळ्यानंतर न सुरू होणाऱ्या इंजिनांचं हेच सगळ्यात नेहमीचं कारण. प्लग काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये चमचाभर तेल सोड आणि दोरी तीनचारदा हळू ओढ. गिअरचं तेल काढून पाहा. ताकासारखं पांढरट निघालं तर सील गेलंय, ते आत्ताच बदल. इंजिन आडवं टाकू नकोस, उभंच टांग, म्हणजे उरलंसुरलं पाणी निथळतं.

जाळी गोड्या पाण्यात धुऊन सावलीत वाळव. उन्हात नायलॉन मरतं. वाळली की माळ्यावर टांग, उंदरांपासून दूर.

जुलैत आठवड्यातून एकदा जाऊन बुचाच्या भोकात काडी घाल. पाला अडकून ते बुजतंच. नारळी पौर्णिमेआधी उघडीप मिळाली की बुडाला रंग दे, पण पंख्याजवळच्या झिंकच्या तुकड्यावर ब्रश फिरवू नकोस; बाकीच्या धातूऐवजी तो झिजावा म्हणून तो लावलेला असतो. रंगवलेलं झिंक काम करत नाही, मग गंज पंख्यापाशी सुरू होतो. अर्धं झिजलं असेल तर नवं लाव. फळ्यांच्या फटी दिसल्या तर घाबरून कापूस ठोकून भरू नकोस. लाकूड पाण्यात फुगतं आणि गच्च भरलेला कापूस खिळेच सैल करतो. हलका भर, वर राळ-तेलाचा लेप दे, आणि पहिले दोन दिवस होडी गुडघाभर पाण्यात बांधून ठेव. थोडं पाणी येईल, मग फटी मिटतील.

आणि काढलेलं बूच आत्ताच सुतळीने पेट्रोलच्या टाकीच्या कडीला बांध. टाकी घेतल्याशिवाय तू निघणार नाहीस.

तुझा मित्र