तुरुंगमंत्र्यांना खुले पत्र: माझ्या मुलाला कुणाच्या शेजारी झोपवलंत?

मा. तुरुंगमंत्री, मध्य प्रदेश शासन,
सा. न. वि. वि.

माझा एकोणीस वर्षांचा मुलगा नुकताच जामिनावर घरी आला. गल्लीतली मारामारी, पहिलाच गुन्हा. आत गेला तेव्हा क्रिकेट आणि आयटीआयची परीक्षा, एवढंच त्याच्या तोंडी असायचं. आता जेवता जेवता म्हणतो, "कोर्टबिर्ट सगळं खोटं, आई. हिशेब आपणच चुकते करायचे." ही भाषा आमच्या घरातली नाही.

सुरुवातीला त्याला बॅरकमध्ये संडासाच्या दाराशी झोपावं लागलं. मग एका जुन्या कैद्याने भिंतीकडेची जागा मिळवून दिली, कँटीनमधून साबण-बिस्किटं दिली, स्वतःचा वकील देऊ केला. त्यानंतर रोज रात्री शिकवणी. तो कुठल्या धर्माचा, कुठल्या झेंड्याचा, ते लिहीत नाही, कारण लोक तेवढंच वाचतील. मला विचारायचंय ते एवढंच की जागा, साबण आणि वकील देणं हे काम सरकारचं होतं की त्याचं?

केंद्रीय गृहमंत्रालयाने जुलै 2025 मध्ये सगळ्या राज्यांना लिहिलं होतं: कैद्यांची छाननी करा, कट्टर विचार पसरवणाऱ्यांना वेगळं ठेवा, सुटल्यावरही लक्ष ठेवा. आमच्या मुलाची छाननी म्हणजे वजन, अंगावरच्या खुणा आणि अंगठ्याचा ठसा. कुणी विचारलं नाही, बाळा, तुझ्या शेजारी कोण झोपतंय?

इंदूरला हा धोका कुणी समजावून सांगायची गरज नाही. मार्च 2008 मध्ये सिमी या बंदी असलेल्या संघटनेचे म्होरके इथेच पकडले गेले. ऑक्टोबर 2016 मध्ये भोपाळच्या तुरुंगातून सिमीचेच आठ जण हवालदार रमाशंकर यादव यांचा जीव घेऊन पळाले. चर्चा झाली ती भिंतींची आणि कॅमेऱ्यांची. पण बंगळुरूच्या तुरुंगाबद्दल एनआयएचा, म्हणजे राष्ट्रीय तपास संस्थेचा, आरोप काय आहे? दहशतवादाच्या गुन्ह्यातल्या कैद्याने आतच दुसऱ्या गुन्ह्यांतली पोरं फितवली. त्याच प्रकरणात 2025 मध्ये तुरुंगातल्या मानसोपचारतज्ज्ञालाही अटक झाली. पळायची गरजच कुणाला उरली?

2022 च्या सरकारी आकड्यांत देशभरात 5,73,220 कैदी होते, त्यातले 4,34,302 कच्चे. म्हणजे शंभरातल्या शहात्तर जणांचा निकाल लागलेला नव्हता आणि ते पक्क्या गुन्हेगारांच्या संगतीत कुजत होते. पुढाऱ्याच्या छातीत दुखलं की इस्पितळात खोली मिळते. आमच्या पोरांना पेशीच्या दिवशी गाडीसुद्धा मिळत नाही, तारीख पुढे जाते. मंत्रिमहोदय, ही पोरं तुम्हीच त्या लोकांच्या हाती देताय.

अठरा ते एकवीस वयाच्या आणि पहिल्या गुन्ह्यातल्या मुलांच्या बॅरकी वेगळ्या करा. विधी सेवा प्राधिकरणाचा वकील पहिल्याच आठवड्यात आत पाठवा. सुटलेल्या मुलाशी बोलायला जाणता माणूस द्या. घरी हवालदार पाठवला तर तो आणखी बिथरेल.

आणि भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं, म्हणजे अटक, जामीन, खटला कसा चालवायचा ते सांगणाऱ्या कायद्याचं, कलम 479 वाचा. पहिल्या गुन्ह्यातल्या कच्च्या कैद्याने कमाल शिक्षेचा एक तृतीयांश काळ आत काढला की त्याच्या सुटकेसाठी कोर्टात लेखी अर्ज करणं तुरुंग अधीक्षकांवर बंधनकारक आहे; जन्मठेप-फाशीचे गुन्हे वगळलेत. असे अर्ज प्रत्येक तुरुंगातून किती गेले, ते जाहीर करा. मला लेखी उत्तर हवंय.

एक आई,
रामबाग, इंदूर