ठोकळे दिसतात, बोलणं ऐकू येत नाही

संपादक महोदय,

मी घरीच ब्लाउज शिवते, फॉल-पिको करते. चौथीतला मुलगा शाळेतून आला की मशीनशेजारी बसून मोबाइलवर माइनक्राफ्ट हा गेम खेळणाऱ्यांचे व्हिडिओ बघतो. मान वळवली की मला दिसायचे चौकोनी ठोकळे, चौकोनी मेंढ्या. यात काय वाईट असणार, म्हणून मी पुढची बाही जोडायला घ्यायची.

गेल्या आठवड्यात भर कामात लाइट गेली. मशीन थांबलं, मोबाइल चालूच. तेव्हा त्या व्हिडिओतला माणूस पहिल्यांदा नीट ऐकू आला. त्याचा खेळाडू लाव्हात पडला, तशी त्याने हिंदीत आईवरून शिवी हासडली आणि त्याच दमात कुठल्याशा पैसे लावायच्या ॲपची जाहिरात केली. पोरगं खुदखुदत होतं.

मी गेम बघून व्हिडिओ पास केला होता, तिथंच चुकले. माइनक्राफ्टला युरोपात 7 वर्षांपुढचं रेटिंग आहे. पण ते गेमला, खेळताना बडबडणाऱ्याच्या तोंडाला नव्हे. उलटंही होतं. भाचीचा पाच वर्षांचा मुलगा मोटारसायकलवरून उड्या मारणारा स्पायडरमॅन बघत होता. तो गेम निघाला जीटीए 5, रेटिंग 18. त्या व्हिडिओत वावगं काही नव्हतं, पण पोराला गेमचं नाव पाठ झालंय. उद्या तेच नाव बोलून तो काय शोधेल?

शेजारणीने गेमचे सगळे व्हिडिओच बंद केलेत. मला ते पटत नाही. बटण दाबलं की उघडणारा रेडस्टोनचा, म्हणजे माइनक्राफ्टमधल्या वायरिंगचा, दरवाजा माझा मुलगा यातूनच शिकला; मला वहीत आकृती काढून समजावला. (मला अर्धाच कळला.) आता मी यूट्यूब किड्समध्ये आपण मंजूर केलेलंच दिसेल अशी सोय लावली आहे. पण मंजूर करायचं तर आधी ऐकायला हवं. हुक-काज करताना एका कानात इअरफोन घालते. सुरुवातीला सगळे गोडच बोलतात, म्हणून व्हिडिओ मधूनच लावते, शक्यतो तो हरतो तिथं. चार दिवसांत दोनच चॅनल ऐकून झाले.

आपल्याकडे सिनेमाचं परीक्षण येतं. तसं आठवड्याला एका गेमिंग चॅनलबद्दल चार ओळी द्याल का? गेम कोणता, भाषा कशी, मध्येच काय विकतो, एवढं पुरे. माझ्या दोन चॅनलांचं मी लिहून पाठवते.

– शिलाईकाम करणारी एक आई, इचलकरंजी