चार हजार गळे, मेणाच्या काही नळ्या

महोदय,

जुन्या ध्वनिमुद्रणांची चर्चा आपल्याकडे सहसा १९०२ मधल्या गायिका गौहरजानच्या मुद्रणाच्या मागे जात नाही. त्याच्याही १४ वर्षे आधी, २९ जून १८८८ रोजी, लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये संगीतकार हँडलच्या ‘इस्राएल इन इजिप्त’ या ऑरेटोरिओचे (अभिनयाविना, समूहगायन आणि वाद्यवृंदातून कथा सांगणाऱ्या धार्मिक संगीतरचनेचे) काही भाग एडिसनच्या ध्वनिमुद्रण यंत्राच्या मेणाच्या नळ्यांवर उतरवले गेले. कथा बायबलमधली, मोशे आणि इस्राएली लोकांच्या सुटकेची, रचना १७३८ची. गाणारे सुमारे ४,००० आणि यंत्र पार लांब, पत्रकारांच्या सज्जात! शब्द धड कळत नाहीत, खरखर मात्र भरपूर. तरी मधूनच समूहस्वर उसळून वर येतो आणि संगीत-संचालक ऑगस्ट मान्स यांनी लय किती संथ ठेवली होती, ते चक्क ऐकू येते. आजच्या चकचकीत मुद्रणांतली धावपळ मला त्यापुढे उथळ वाटते. इंटरनेटवर हे फुकट उपलब्ध आहे. हेडफोन लावून जरूर ऐकावे.

– एक वाचक, मिरज