मिळालेली सूट घेऊ नका: ऊर्जामंत्र्यांना खुलं पत्र

प्रति,
मा. ऊर्जामंत्री,
महाराष्ट्र राज्य,
मंत्रालय, मुंबई.

महोदय,

सादर नमस्कार.

मी शाळेत शिकवते. लग्न होऊन ज्या गावात आले, तिथल्या कुठल्याही गच्चीवर उभं राहिलं की औष्णिक केंद्राच्या चिमण्या दिसतात. केंद्राचं नाव इथे लिहीत नाही, कारण मला एका केंद्राची तक्रार करायची नाही. आमच्या सासूबाईंनी पहिल्याच आठवड्यात मला सांगितलं होतं, "कपडे वाळत घालायच्या आधी दोरी पुसून घेत जा गं." तेव्हापासून दोरीच्या खुंटीला एक फडकं कायम अडकवलेलं असतं. त्या फडक्यावर जे येतं ते काळं नसतं. बाहेरच्या माणसाला वाटतं काजळी असेल. पण ती फिकट करडी पूड असते, इतकी मऊ की चिमटीत धरली तरी हाताला लागत नाही. कोळशात मिसळलेला दगड आणि माती भट्टीत वितळून त्याचे काचेसारखे बारीक गोळे होतात, ती ही राख. मार्च-एप्रिलमध्ये वारा सुटला की ती राखेच्या तलावावरून उठते आणि कपाशीच्या वाळल्या पऱ्हाट्यांपासून शाळेच्या फळ्यापर्यंत सगळीकडे बसते.

राख निदान दिसते. हे पत्र मी लिहिते आहे ते न दिसणाऱ्या गोष्टीसाठी.

११ जुलै २०२५ रोजी केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने एक अधिसूचना काढली आणि देशातल्या बहुतेक कोळसा-वीजसंचांना (एका केंद्रात असे एक किंवा अनेक संच असतात) सल्फर डायऑक्साइडच्या, म्हणजे कोळशातला गंधक जळून होणाऱ्या वायूच्या, मर्यादेतून मोकळं केलं. तुमचं खातं ज्या वीजकेंद्रांचा कारभार पाहतं, त्यांतही काहींना ही सूट लागू होईल. माझी विनंती एवढीच आहे की महाराष्ट्राने ही सूट घेऊ नये. सूट म्हणजे सक्ती नव्हे. राज्य सरकारच्या मालकीच्या केंद्रांत हा वायू धुरातून काढून घेणारी यंत्रणा बसवायला कुणीही मनाई केलेली नाही. शिवाय पर्यावरण संरक्षण नियमांनुसार राज्याच्या प्रदूषण नियंत्रण मंडळाला केंद्र सरकारपेक्षा कडक मर्यादा घालता येते. तेव्हा अधिकार नाही असं म्हणायला जागा नाही.

हे प्रकरण दहा वर्षांचं आहे. ७ डिसेंबर २०१५ पर्यंत आपल्या देशात वीजकेंद्राच्या धुरातल्या सल्फर डायऑक्साइडला काही मर्यादाच नव्हती. नियम होता तो चिमणीच्या उंचीचा. २०० मेगावॅटपासून ५०० च्या आतल्या संचाला २२० मीटर आणि ५०० व त्यावरच्या संचाला २७५ मीटर. म्हणजे घाण कमी करायची नाही, ती उंचावरून सोडायची, वारा घेऊन जाईल. त्या दिवशीच्या अधिसूचनेने पहिल्यांदा आकडे ठरले: ५०० मेगावॅटच्या आतल्या जुन्या संचाला दर घनमीटर धुरात ६०० मिलिग्रॅम, मोठ्याला २००, आणि २०१७ नंतरच्या नव्या संचाला १००. मुदत दोन वर्षांची होती. मग ती वाढली, पुन्हा वाढली. २०२१ साली केंद्रांचे ए, बी, सी असे वर्ग पाडून प्रत्येकाला वेगळी तारीख दिली. त्या तारखाही २०२२ मध्ये पुढे गेल्या, २०२४ च्या डिसेंबरअखेर आणखी तीन वर्षांनी पुढे गेल्या, आणि सहा महिने-सव्वासहा महिने होतात न होतात तोच 'सी' वर्गाची मर्यादाच काढून टाकली. अट ठेवली ती चिमणीच्या उंचीची. फिरून आपण २०१५ च्या आधीच्या जागी आलो. मधल्या काळात देशभरातल्या पाचशेहून जास्त संचांपैकी जेमतेम चाळीस संचांवर ही यंत्रणा बसली.

'सी' वर्ग म्हणजे कोण, हे नीट पाहिलं पाहिजे. ज्या केंद्रापासून १० किलोमीटरच्या आत दिल्लीचा राजधानी प्रदेश नाही, दहा लाख वस्तीचं शहर नाही, गंभीर प्रदूषित म्हणून जाहीर झालेला पट्टा नाही, हवा बिघडल्याच्या सरकारी यादीतलं शहरही नाही, असं केंद्र. देशातले सुमारे ७८ टक्के संच याच वर्गात मोडतात. सोप्या मराठीत सांगायचं तर ज्याच्या आजूबाजूला फक्त खेडी आहेत ते केंद्र. 'ए' वर्गाला (राजधानी प्रदेश किंवा दहा लाखांच्या शहराजवळची केंद्रं) यंत्रणा बसवावीच लागणार, 'बी' (प्रदूषित पट्टा किंवा यादीतल्या शहराजवळची) चा निर्णय एकेक प्रकरण पाहून होणार, आणि खेड्यातल्या माणसाने चिमणी किती उंच आहे ते पाहून समाधान मानायचं. माझ्या वर्गात ४१ मुलं आहेत. त्यांनी श्वास घेताना १० किलोमीटरच्या आत शहर आहे की नाही हे कुठे मोजायचं?

आता थोडा हिशेब मांडते. गणित शिकवते, त्यामुळे हिशेबाशिवाय मला राहवत नाही. ५०० मेगावॅटचा एक संच चोवीस तास पूर्ण क्षमतेने चालला तर १ कोटी २० लाख युनिट वीज देतो. आपल्या कोळशात एका युनिटला सहाशे-सातशे ग्रॅम कोळसा जातो, सातशे धरू. दिवसाला ८,४०० टन कोळसा. त्यात ३५ टक्के राख धरली तर रोज २,९०० टनांहून जास्त राख निघते, म्हणजे दहा टनी २९० ट्रक. गंधक अर्धाच टक्का धरू, तरी ४२ टन होतो, आणि जळताना प्राणवायू घेऊन त्याचं वजन दुप्पट होतं. एका संचातून एका दिवसात सुमारे ८४ टन सल्फर डायऑक्साइड. राखेचे कण पकडायला विजेवर चालणारी यंत्रं असतात आणि नीट चालवली तर ती ९९ टक्क्यांहून जास्त राख पकडतात. या वायूला मात्र ती अडवत नाहीत. तो सरळ वर जातो.

आपला कोळसा कमी गंधकाचा आहे, हे सवलतीच्या बाजूने सांगितलं जातं आणि ते खरं आहे. पण आपल्या कोळशाची उष्णताही कमी आहे, म्हणून तेवढ्याच विजेसाठी तो जास्त जाळावा लागतो. अर्धा टक्काही वर पाहिलंत तसा दिवसाला ८४ टनांवर जातो. दुसरं असं सांगतात की हवेत मोजलं तर सल्फर डायऑक्साइडचं प्रमाण मर्यादेतच भरतं. भरणारच. कारण तो वायू त्या रूपात राहत नाही. हवेत काही तास, काही दिवस फिरताना तो सल्फेटचे अतिसूक्ष्म कण होऊन बसतो आणि मग त्याची मोजणी धुळीच्या खात्यात होते. हे कण शेकडो किलोमीटर जातात, आणि फुप्फुसाच्या अगदी आतल्या पिशव्यांपर्यंत उतरतात. हवेत फक्त वायू मोजून सगळं ठीक आहे म्हणणं म्हणजे साखर पाण्यात विरघळल्यावर ती कुठे गेली असं विचारण्यासारखं आहे. म्हणून ही फक्त खेड्याची गोष्ट नाही. १० किलोमीटरची रेघ शहरालाही वाचवत नाही.

तिसरा युक्तिवाद मला सर्वात जास्त खटकतो. यंत्रणेत चुनखडी लागते, चुनखडीतून कार्बन डायऑक्साइड सुटतो, म्हणजे यंत्रणा बसवून हवामान बदल वाढेल, असा. हाही हिशेब करून पाहिला. ८४ टन सल्फर डायऑक्साइड धरून ठेवायला लागणाऱ्या चुनखडीतून दिवसाला साधारण ५५ ते ६० टन कार्बन डायऑक्साइड सुटेल. यंत्रणा चालवायला वीजही लागेल, शेकडा एक-दीड. आणि तोच संच कोळसा जाळून रोज सोडतो तो कार्बन डायऑक्साइड किती? एका युनिटमागे जवळपास एक किलो, म्हणजे सुमारे १२,००० टन. १२,००० टनांबद्दल न बोलता ६० टनांची काळजी करायची, हे माझ्या सातवीच्या मुलांनाही पटणार नाही. कार्बनची खरीच चिंता असेल तर कोळसा कमी जाळावा. त्याला माझा पाठिंबाच आहे. शेतीपंपांना दिवसा वीज देण्यासाठी सरकारने सौर कृषी वाहिनीची योजना काढली, ती मनापासून चांगली गोष्ट वाटते. रात्री दोन वाजता थंडीत मोटर सुरू करायला जाणारी माणसं माझ्या घरातली आहेत. पण संध्याकाळी सात वाजता राज्यातले दिवे अजून बरीच वर्षं कोळशावरच लागणार, आणि तोवर तो धूर कुणीतरी श्वासात घेणार आहे.

पैशाचं म्हणाल तर सूट जाहीर झाली तेव्हा युनिटमागे २५ ते ३० पैसे वाचतील असं बातम्यांत आलं होतं. ते पैसे वाचत नाहीत हो, ते फक्त दुसऱ्याच्या खिशातून जातात. दर हिवाळ्यात आमच्या शाळेत दोन-तीन मुलांच्या दप्तरात श्वासाचा पंप असतो, आणि त्यांच्या आईवडिलांच्या बिलावर तो खर्च 'वीज आकार' म्हणून छापलेला नसतो. मुलाचा दमा त्या चिमणीमुळेच झाला असं कुठलाही डॉक्टर लिहून देणार नाही, आणि मीही तसा दावा करत नाही. पण नेमकं बोट ठेवता येत नाही म्हणूनच हा खर्च कुणाच्याच वहीत चढत नाही.

हे होण्यासारखं आहे का, असं विचाराल. महाराष्ट्रातच झालेलं आहे. डहाणूला ५०० मेगावॅटचं कोळशाचं केंद्र आहे. १९९१ साली तो तालुका पर्यावरणदृष्ट्या नाजूक म्हणून जाहीर झाला. तिथले बागायतदार आणि आदिवासी प्रश्न घेऊन सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले, न्यायालयाच्या आदेशावरून १९९६ साली निवृत्त न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी यांच्या अध्यक्षतेखाली प्राधिकरण नेमलं गेलं, आणि त्या प्राधिकरणाने धुरातला गंधक काढण्याची यंत्रणा बसवल्याशिवाय सोडलं नाही. २००७ मध्ये ती सुरू झाली. देशात नियम येण्याच्या आठ वर्षं आधी! केंद्र बंद पडलं नाही, दिवे गेले नाहीत. डहाणूत समुद्राचं पाणी वापरता आलं, विदर्भ-मराठवाड्यात ते शक्य नाही, हे मान्य. तिथे चुनखडी लागेल, आणि चंद्रपूर-यवतमाळच्या पट्ट्यात चुनखडीच्या साठ्यांवरच सिमेंटचे कारखाने उभे आहेत. धुरावर चुनखडीची भुकटी कालवलेल्या पाण्याचा फवारा मारला की गंधक त्यात उतरतो आणि जिप्सम तयार होतं, तेही सिमेंटला लागतं. पाणी जास्त लागेल ही मात्र खरी अडचण आहे. २०१५ च्या दुष्काळात परळीचं केंद्र पाण्यावाचून बंद ठेवावं लागलं होतं, ते आम्ही विसरलेलो नाही. म्हणून कुठे ओली यंत्रणा, कुठे कमी पाण्याची, आणि कुठला जुना संच बंदच केलेला बरा, हे तुमच्या अभियंत्यांनी ठरवावं. त्यांना ते कळतं. त्यांना फक्त वरून शब्द हवा आहे.

उपग्रहांवरून केलेला एक अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला होता. २००७ पासून चीनचा सल्फर डायऑक्साइड ७५ टक्क्यांनी घटला, भारताचा ५० टक्क्यांनी वाढला. चीनने त्या काळात कोळसा जाळणं थांबवलं नव्हतं, वाढवलंच होतं. धुराड्यावर यंत्रणा बसवली आणि ती चालू आहे की नाही हे तपासलं, त्याचा यात मोठा वाटा होता.

राखेबद्दल थोडक्यात लिहिते, कारण त्याचे नियम निदान कागदावर तरी जागेवर आहेत. ३१ डिसेंबर २०२१ च्या अधिसूचनेने सगळी राख वापरायची सक्ती केली आणि न वापरलेल्या राखेला टनामागे १,००० रुपये भरपाई लावली. पण जुने तलाव भरलेलेच आहेत. जुलै २०२२ मध्ये कोराडी केंद्राचा खसाळ्याचा राखेचा बंधारा मुसळधार पावसात फुटला आणि राखेचं पाणी शेतात शिरलं. त्याआधी एप्रिल २०२० मध्ये मध्य प्रदेशात सिंगरौलीजवळ सासन वीजकेंद्राचा राखेचा बंधारा फुटून माणसं वाहून गेली होती. दर मे महिन्यात प्रत्येक बंधाऱ्याची बाहेरच्या तज्ज्ञाकडून तपासणी करून तिचा अहवाल ग्रामसभेत मराठीत वाचून दाखवला, तर निदान खालच्या बाजूच्या घरांना रात्री झोप लागेल.

आणि चिमण्यांचे आकडे. धुरातलं प्रदूषण सतत मोजणारी यंत्रं केंद्रांवर आहेत, त्यांची नोंद मंडळाकडे जाते. आमच्याकडच्या फाटकावरही एक फलक आहे. मुलांना घेऊन मी तो पाहायला गेले होते, प्रकल्प वहीसाठी. अर्ध्या रकान्यांत आकडे नव्हते, आणि जे होते ते इंग्रजीत. एका मुलीने विचारलं, "बाई, यात आपल्या गावात किती येतं ते कुठंय?" तिला दाखवायला माझ्याकडे काही नव्हतं. हे आकडे ग्रामपंचायतीच्या भिंतीवर मराठीत लागावेत. त्यासाठी ना चुनखडी लागते ना पाणी.

महोदय, तुम्ही एखाद्या केंद्राला भेट द्याल तर कृपया एप्रिलच्या अखेरीस, दुपारी तीननंतर, न कळवता या. कळवून आलात की आदल्या दिवशी टँकर फिरतात, राख ओली केली जाते आणि त्या दिवशी आमचीही दोरी स्वच्छ राहते. या, म्हणजे मी ते खुंटीवरचं फडकं तुमच्या हातात देईन. आणि 'सी' वर्गातल्या आपल्या केंद्रांबद्दल राज्याने काय ठरवलं, हे तुमच्याकडून ऐकायला आमच्या गच्चीवर खुर्ची टाकून ठेवीन.

आपली,
औष्णिक केंद्राशेजारच्या एका गावातली शिक्षिका