जुनी मर्सिडीज एमएल: पार्ट बदलण्याआधी निदान करा

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

रविवारच्या छोट्या जाहिरातींत हल्ली एक ओळ हमखास दिसते: 'मर्सिडीज एमएल, डिझेल, उत्तम स्थिती, त्वरित विकणे'. नवी असताना पन्नास लाखांच्या घरात असलेली ही एसयूव्ही आता नव्या हॅचबॅकच्या किमतीत मिळते. दारी हत्ती झुलवावा असे कुणाला वाटले तर त्यात गैर काही नाही. २००५ ते २०११ या काळातली ही दुसऱ्या पिढीची एमएल (डब्ल्यू १६४) मुळात दणकट आहे. तिचे तीन लिटरचे व्ही-६ डिझेल इंजिन, ओएम ६४२, नीट सांभाळले तर दोन-अडीच लाख किलोमीटरनंतरही कुरकुर करत नाही. मालक मेटाकुटीला येतो तो बहुतेकदा चुकीचे निदान होऊन भलताच महागडा पार्ट बदलला गेल्यामुळे. म्हणून हे पत्र.

या इंजिनाची सगळ्यात प्रसिद्ध तक्रार म्हणजे ऑइलगळती. इंजिन आणि गियरबॉक्स जोडले जातात तिथून ऑइल ठिबकते. गाडी लिफ्टवर चढवली की पाहणारा सांगतो, 'क्रँकचे (इंजिनाच्या मुख्य दांड्याचे) मागचे सील गेले, गियरबॉक्स उतरवावा लागेल.' गियरबॉक्स उतरतो, सील बदलते, बिल होते आणि महिन्याभरात फरशीवर पुन्हा डाग. कारण गळती वरून होत असते. ऑइल कूलर दोन सिलिंडर-रांगांच्या मधल्या खोबणीत, टर्बोच्या (इंजिनात हवा दाबून ढकलणाऱ्या यंत्राच्या) खाली बसवलेला आहे. त्याची मूळची नारिंगी सीले उष्णतेने कडक होतात. तिथे झिरपलेले ऑइल खोबणीत साचते, मागच्या बाजूने खाली उतरते आणि नेमके गियरबॉक्सच्या तोंडाशी दिसते. आरसा आणि टॉर्च घेऊन, किंवा बारीक कॅमेरा सोडून, खोबणी ओली आहे का एवढे आधी पाहावे. ओली असेल तर गियरबॉक्सला हात लावण्याचे कारण नाही.

ही सीले सुधारित, जांभळ्या रंगाच्या व्हायटॉन रबराची मिळतात आणि त्यांची किंमत अगदी किरकोळ आहे. पैसे जातात ते मजुरीत, कारण टर्बो आणि दोन्ही इनटेक मॅनिफोल्ड (सिलिंडरांना हवा वाटणारे नळकांडे) काढावे लागतात. दोन-तीन दिवसांचे काम आहे. एवढे उघडलेच आहे तर मॅनिफोल्डमधली काजळी साफ करावी, त्याची पॅकिंगे नवी घालावीत आणि टर्बोच्या तोंडाशी ब्रीदरच्या (इंजिनातली वाफ बाहेर काढणाऱ्या) नळीचे जे सील असते तेही बदलावे. हे शेवटचे छोटे सील विसरू नये. ते गळले की ऑइल थेट खाली असलेल्या स्वर्ल मोटरवर पडते. ही मोटर इनटेकमधल्या झडपा फिरवते. तिच्यात ऑइल शिरले की इंजिनाचा दिवा लागतो, पिकअप मरतो आणि गाडी घाटात रांगू लागते. काही ठिकाणी मोटरच्या जोडणीत रेझिस्टर घालून दिवा विझवून देतात. त्याने संगणक फसतो, पण झडपा जिथल्या तिथेच राहतात आणि सीलमधून ऑइल गळतच राहते. हा उपाय कुणी सुचवला तर नम्रपणे नकार द्यावा.

इंजेक्टरपाशी 'फुस-फुस' असा आवाज येत असेल किंवा डांबरासारखा काळा थर दिसत असेल तर इंजेक्टरखालचे तांब्याचे वायसर गेलेले असते. वायसर आणि इंजेक्टर दाबून धरणारा बोल्ट दोन्ही नवे घालावेत, कारण तो बोल्ट एकदाच ताणण्यासाठी असतो. बसण्याची जागा पूर्ण स्वच्छ केल्याशिवाय नवे वायसर टिकत नाही. डांबर दिसूनही चालढकल केली तर इंजेक्टर जागीच चिकटतो, आणि मग कामाचा खर्च अनेक पट होतो.

इंजिन ऑइल साधारण साडेआठ लिटर लागते आणि ते मर्सिडीजच्या २२९.५१ या प्रमाणपत्राचे हवे. शहरातल्या वापरात दर १०,००० किलोमीटरला किंवा वर्षाला, जे आधी येईल तेव्हा, बदलावे. कंपनीचे अंतर याहून मोठे असते. पण सिग्नलला उभी राहणारी आणि रोज पाच किलोमीटर धावणारी गाडी त्या हिशेबात बसत नाही.

एअर सस्पेन्शन, म्हणजे स्प्रिंगऐवजी हवेच्या पिशव्या, सगळ्या एमएलना नसते. बऱ्याच गाड्या साध्या स्टीलच्या स्प्रिंगवर आहेत, आणि दीर्घकाळ ठेवायची असेल तर माझे मत निःसंकोच स्प्रिंगच्या बाजूने आहे. एअर असेल तर एक सोपी परीक्षा: रात्री सपाट जागी गाडी लावून चारही चाकांच्या मध्यापासून वरच्या कमानीपर्यंतचे अंतर टेपने मोजून लिहून ठेवावे आणि सकाळी, चालू करण्याआधी, पुन्हा मोजावे. एक कोपरा बसला असेल तर त्या कोपऱ्यातली हवेची पिशवी किंवा तिची वरची जोडणी संशयित. साबणाचे पाणी मारले की बुडबुडे दिसतात. दोन कोपरे बसत असतील तर व्हॉल्व्ह ब्लॉकही (पिशव्यांना हवा वाटणारा भाग) पाहावा. इथे नेहमीची चूक अशी की गाडी उठत नाही म्हणून थेट कॉम्प्रेसर बदलला जातो. कॉम्प्रेसर गेलेला असतोच, पण तो गेला गळती भरून काढण्यासाठी तासन्‌तास चालल्यामुळे. गळती तशीच ठेवली तर नवाही जळतो. नव्या कॉम्प्रेसरसोबत त्याची वीज चालू-बंद करणारा रिलेही नवा घालावा. जुन्याचे पॉइंट चिकटले की चावी काढल्यावरही कॉम्प्रेसर फिरत राहतो आणि सकाळी बॅटरी झोपलेली असते. आणि एक सुरक्षेची गोष्ट: नुसत्या हवेवर उभ्या असलेल्या या गाडीखाली कुणीही शिरू नये, आधी घोडे (जॅक स्टँड) लावावेत.

सात गियरचा ७२२.९ गियरबॉक्स 'आयुष्यभर ऑइल बदलायला नको' या गैरसमजाचा बळी आहे. ऑइल, फिल्टर आणि पॅनचे पॅकिंग दर ६०,००० किलोमीटरला बदलावे. २०१० पर्यंतच्या बहुतेक गाड्यांत लाल, २३६.१४ प्रमाणपत्राचे ऑइल आणि नंतरच्यांत निळे, २३६.१५ चे. दोन्ही एकमेकांत मिसळू नयेत. पातळी पाहायला मालकासाठी डिपस्टिक नाही. स्कॅनरवर ऑइलचे तापमान बघत, ठरलेल्या तापमानाला पातळी लावावी लागते. थंड गियरबॉक्सवर अंदाजाने भरून दिले तर गियर पडताना झटके येतात आणि दोष गियरबॉक्सवर जातो. गाडी एकाच गियरमध्ये अडकते आणि बंद करून चालू केली की पुन्हा नीट चालते, असे होत असेल तर बहुधा आतल्या कंडक्टर प्लेटवरचा (सेन्सर आणि संगणक असलेल्या पट्टीवरचा) स्पीड सेन्सर गेलेला असतो. तेवढ्यासाठी गियरबॉक्स ओव्हरहॉल करू नये. आणि भंगार बाजारातून दुसऱ्या गाडीची प्लेट आणून बसवण्याच्या फंदातही पडू नये. तिच्यावरचा संगणक मूळ गाडीशी बांधलेला असतो, कोडिंगशिवाय ही गाडी त्याला ओळखत नाही. वायरिंगचा जोड गियरबॉक्समध्ये शिरतो तिथले ओ-रिंग मात्र प्रत्येक वेळी नवे घालावेत, स्वस्त आहेत.

कोकण, मुंबई आणि घाटमाथ्यावरच्या मालकांसाठी पाणी हा वेगळाच विषय. सनरूफच्या चौकटीत पडलेले पाणी कोपऱ्यांतल्या बारीक नळ्यांतून खाली जाते. पाने-धूळ अडकली की ते छताच्या अस्तरात आणि तिथून कार्पेटखालच्या जाड फोममध्ये मुरते. वरून कार्पेट कोरडे वाटते. कडेची पट्टी काढून हात खाली घातला तर पाणी निथळते. या गाडीची बॅटरी पुढच्या सीटखाली आहे आणि वायरिंगचे जोड त्याच पातळीवर धावतात. मेच्या शेवटी सनरूफ उघडून पुढच्या प्रत्येक कोपऱ्यात पेलाभर पाणी सावकाश ओतावे. ते लगेच गाडीखाली पडले तर ठीक. नसेल तर नायलॉनची बारीक दोरी सरकवून नळी मोकळी करावी. हवेचा जोरदार झोत मारू नये, नळी आतून निसटली तर छत उतरवावे लागते. काचेखालच्या जाळीतली पानेही तेव्हाच काढावीत.

पॅनेलवर एकाच वेळी चार-पाच दिवे लागले तर मॉड्युलवर (गाडीतल्या छोट्या संगणकांवर) खापर फोडण्याआधी बॅटरी तपासा. ९५ अँपिअर-अवरची एजीएम (बंदिस्त प्रकारची) बॅटरी थकली की एबीएसपासून सस्पेन्शनपर्यंत सगळे खोटे दोष दाखवू लागतात. रात्रभर उभ्या गाडीत १२.४ व्होल्टच्या खाली असेल तर बाकीचे निदान थांबवून आधी बॅटरी चार्ज करावी किंवा बदलावी. दोष वाचायला मर्सिडीजची सगळी मॉड्युले उघडणारा स्कॅनर हवा. पाचशे रुपयांचे उपकरण फार तर इंजिनाचे कोड दाखवते.

घेण्यापूर्वी विक्रेत्याला निक्षून सांगा की गाडी थंड ठेवा, आधी चालू करू नका. पोहोचल्यावर बॉनेटवर हात ठेवून खात्री करा. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून पाहा. एरवी कधीच बाहेर न येणाऱ्या त्या शेवटच्या वीतभर पट्ट्यावर गढूळ पाण्याची रेघ असेल तर ती गाडी पुरात उभी होती. सीटच्या बोल्टवरचा गंजही तेच सांगतो. राष्ट्रीय हरित लवादाचा २०१५ चा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये उचलून धरल्यापासून दिल्लीतल्या दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्या मोठ्या प्रमाणात इतर राज्यांत विकल्या गेल्या. अशा गाडीची एनओसी (मूळ आरटीओचे ना-हरकत प्रमाणपत्र) मूळ कागदावर पाहावी, चॅसिस क्रमांक स्वतः पडताळावा आणि आपल्या आरटीओत कर व नव्या पासिंगचा खर्च विचारूनच सौदा करावा. किमतीच्या निदान निम्मी रक्कम पहिल्या वर्षासाठी बाजूला ठेवता येत नसेल, तर घाई करू नये असे मी स्पष्ट सांगेन.

आपल्या दैनिकाला एक विनंती. वापरलेल्या गाड्यांच्या जाहिरातींत 'उत्तम स्थिती' या दोन शब्दांऐवजी विक्रेत्याकडून तीन गोष्टी मागून छापाव्यात: गियरबॉक्सचे ऑइल शेवटचे किती किलोमीटरला बदलले, सस्पेन्शन हवेचे आहे की स्प्रिंगचे, आणि गाडीची पहिली नोंदणी कोणत्या राज्यातली. एका ओळीत बसेल एवढाच मजकूर आहे.

आपला,
वाहनदुरुस्ती क्षेत्रातील एक वाचक, पुणे