खोकल्याच्या बाटलीवरचं बारीक अक्षर

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

सप्टेंबर-ऑक्टोबर २०२५ मध्ये मध्य प्रदेशातल्या छिंदवाडा जिल्ह्यात खोकल्याच्या औषधाने वीसहून अधिक लहान मुलं दगावली. त्यातली कित्येक उपचारांसाठी नागपुरात आणली होती, त्यामुळे आम्हा विदर्भातल्या लोकांना ती बातमी परक्या राज्याची वाटलीच नाही. ‘कोल्ड्रिफ’ नावाच्या त्या सिरपच्या बॅचमध्ये डायएथिलीन ग्लायकॉल हे मूत्रपिंडं निकामी करणारं द्रव्य ४८.६ टक्के निघालं. चालू शकतं ते जास्तीत जास्त ०.१ टक्का.

मी औषधाच्या दुकानात काउंटरवर उभी राहणारी फार्मासिस्ट आहे. तेव्हापासून आई-वडील विचारतात, ‘ही कंपनी चांगली आहे ना?’ काळजी रास्तच आहे. पण बाटलीत भेसळ आहे की नाही, हे ना त्यांना बघून कळतं ना मला. ते काम कारखान्याचं, प्रयोगशाळेचं आणि औषध निरीक्षकांचं. बाटलीवर जे छापलेलं असतं ते मात्र आपल्याला वाचता येतं, आणि तेच कोणी वाचत नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

त्याच कोल्ड्रिफमध्ये तापाचं पॅरासिटामॉल, चोंदलेलं नाक मोकळं करणारं फिनाइलएफ्रिन आणि शिंका व वाहतं नाक थांबवणारं क्लोरफेनिरामिन अशी तीन औषधं एकत्र होती. क्लोरफेनिरामिन आणि फिनाइलएफ्रिनचं मिश्रण चार वर्षांखालच्या मुलांना देऊ नये आणि तसा इशारा वेष्टनावर छापावा, असं केंद्रीय औषध नियंत्रकांनी डिसेंबर २०२३ मध्येच बजावलं होतं. दगावलेली बहुतेक मुलं पाच वर्षांच्या आतली. औषध शुद्ध असतं तरी त्यातल्या अनेकांच्या वयाला ते योग्य नव्हतं. भेसळीच्या गदारोळात ही गोष्ट मागे पडली.

मिश्र औषधाचा सगळ्यात मोठा धोका दुप्पट डोसाचा. सर्दीच्या सिरपमध्ये पॅरासिटामॉल आहे हे घरात ठाऊक नसतं, म्हणून ताप चढला की तापाची वेगळी बाटलीही काढली जाते. हिशोब करून बघा. दहा किलोच्या मुलाला एका वेळी पॅरासिटामॉल फार तर १५० मिलिग्रॅम. सर्दीच्या सिरपच्या ५ मिलीत १२५ आणि तापाच्या सिरपच्या ५ मिलीत २५० असेल, तर एकाच वेळी ३७५ मिलिग्रॅम पोटात गेलं. असं दिवसातून तीन-चार वेळा, दोन-तीन दिवस चाललं तर यकृतावर बेततं. त्यात तापाचं सिरप ५ मिलीत १२० आणि २५० मिलिग्रॅम अशा दोन ताकदींत मिळतं आणि थेंबांच्या बाटलीत तर १ मिलीतच १०० मिलिग्रॅम असतं. ‘मागच्या वेळी एक चमचा दिला होता’ हा आधार म्हणूनच चालत नाही. चमचाही कुठला? घरातला चमचा कधी ३ मिलीचा असतो, कधी ८ मिलीचा. बाटलीसोबतचं मापाचं झाकण किंवा बिनसुईची सिरिंजच वापरा.

काही बाटल्यांत खोकला दाबणारं आणि कफ सुटवणारं अशी दोन्ही औषधं असतात. कफ सुटला तर तो खोकूनच बाहेर यायचा, मग खोकला दाबून काय मिळवायचं? डॉक्टरांनी विचार करून लिहून दिलं असेल तर गोष्ट वेगळी. शेजारच्या मुलाला गुण आला म्हणून आपल्या मुलाला तेच देऊ नका. मोठ्यांनीही जपावं. फिनाइलएफ्रिनने रक्तदाब वाढू शकतो, क्लोरफेनिरामिनने पेंग येते आणि प्रोस्टेटचा त्रास असलेल्यांची लघवी अडू शकते. हे घेऊन गाडी चालवू नका, त्यावर दारू तर नकोच.

केंद्रीय आरोग्य सेवा महासंचालनालयाने ऑक्टोबर २०२५ मध्ये स्पष्ट सांगितलं आहे की, दोन वर्षांखालच्या मुलांना खोकला-सर्दीची औषधं देऊ नयेत आणि पाच वर्षांखाली सहसा त्यांची शिफारस नाही. साधी सर्दी विषाणूमुळे होते आणि बहुधा आठ-दहा दिवसांत आपोआप बरी होते. तोवर अंगावरचं दूध, कोमट पाणी, पेज, चोंदलेल्या नाकात सलाईनचे थेंब आणि वर्षापुढच्या मुलाला थोडा मध पुरतो. मूल धापा टाकू लागलं, श्वास घेताना बरगड्या आत ओढल्या जाऊ लागल्या, ते पीत नसेल, मलूल पडलं किंवा लघवी कमी झाली तर मात्र अंगावर काढू नका. तडक दवाखाना गाठा आणि दिलेल्या सगळ्या बाटल्या सोबत न्या.

माझी अन्न व औषध प्रशासनाला विनंती आहे की, ‘चार वर्षांखालील मुलांना देऊ नये’ हा इशारा मराठीत आणि चष्म्याशिवाय वाचता येईल अशा अक्षरांत बाटलीवर यावा, यासाठी केंद्राकडे आग्रह धरावा. माझ्या व्यवसायबंधूंनी मुलाचं वय आणि वजन विचारल्याशिवाय, चिठ्ठी पाहिल्याशिवाय असं सिरप देऊ नये. आणि मापाचं झाकण नसेल तर ते दुकानातच मागून घ्यावं, एवढं गिऱ्हाइकांनी करावं.

आपली,
एक फार्मासिस्ट, वर्धा