सातपूरच्या काकांना, आईच्या कानावर विश्वास ठेवल्याबद्दल

ती. स्व. काका,
सा. न. वि. वि.

नाव कुठेही घालायचं नाही, अशी तुमची अट आहे. ती पाळते. पण पत्र उघडच लिहिते, कारण तुम्ही आमच्या घरी जे केलंत ते चार लोकांना सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नाही.

ज्यांना यातलं काही माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. मामांनी अमेरिकेतलं घर आवरलं तेव्हा आपला टर्नटेबल, म्हणजे रेकॉर्ड वाजवायचं मशीन, आणि स्पीकरची जोडी बहिणीला, म्हणजे माझ्या आईला पाठवून दिली. दोन्ही एआर या अमेरिकन कंपनीचे, स्पीकर त्यांच्या फोर-एक्स मॉडेलचे, साठच्या दशकातले. रेकॉर्डी आईकडे होत्याच, आजोबांनी घेतलेल्या. त्यातली तिच्या जिवाची एलपी द. वि. पलुस्करांची. आईचं माहेर पंचवटीतलं. थोर गवई विष्णु दिगंबर पलुस्करांच्या तिथल्या आश्रमाच्या गोष्टी ऐकतच ती वाढली, आणि त्यांचे चिरंजीव बापूराव, म्हणजेच हे द. वि., तर तिला घरातलेच वाटतात. नाशिकात जन्मलेला हा गवई १९५५ मध्ये, अवघ्या ३४व्या वर्षी गेला. मुलगी असताना आई हीच रेकॉर्ड लावून बरोबर पेटी धरायची.

तर मशीन जोडलं, आवाज आला, आम्ही सगळे खूश. आईनं दहा मिनिटं ऐकलं आणि म्हणाली, "हे बापूराव नाहीत. आवाज उतरलाय, जड झालाय."

तिथून पुढे जे ऐकून घ्यावं लागलं ते आठवलं की अजून घशाशी येतं. एका दुकानदारानं तबकडी फिरवणारा बेल्ट बदलला, पैसे घेतले आणि "जुन्या तबकड्या अशाच वाजतात" म्हणून वाटेला लावलं. दुसऱ्यानं स्पीकर कित्येक दिवस ठेवून घेतले. ट्विटर (वरच्या सुरांचे छोटे स्पीकर) जळलेत, वूफरच्या (खर्जाच्या मोठ्या स्पीकरच्या) कडेचा फोम गेलाय, आतलं सगळं काढून नवीन टाकू, असं त्याचं म्हणणं. आणि तिसरा, जो स्वतःला या विषयातला जाणकार म्हणवतो, तो घरी आला, आईचं बोलणं अर्ध्यावर तोडून माझ्याकडे वळला आणि तिच्यादेखत म्हणाला, "आजींना कानाची मशीन घेऊन द्या." आई काहीच बोलली नाही. उठून आत गेली. त्यानंतर तिनं टर्नटेबलचं झाकण उघडलं नाही, आणि पेटीही कपाटावर गेली. भजनी मंडळात चाळीस वर्षं पेटी धरलेली बाई आपल्याच कानावर शंका घ्यायला लागली होती. मशीन बिघडलं याचं मला फारसं दुःख नव्हतं, याचं होतं.

मंडळातल्या एका मावशींच्या ओळखीनं तुम्ही आलात. सातपूरच्या कारखान्यात टूलरूममध्ये आयुष्य काढलेले गृहस्थ, एवढंच आम्हाला ठाऊक. पाणी प्यायलात. मशीनकडे पाहिलंतही नाही. खुर्ची ओढून आईच्या समोर बसलात आणि विचारलंत, "वहिनी, तुम्हाला काय ऐकू येतंय? तुमच्या भाषेत सांगा."

काका, एवढंच. मला आभार मानायचे आहेत ते याचे. बाकी सगळं नंतर.

आई चाचरत बोलली. तुम्ही मध्ये एकदाही तोंड घातलं नाहीत. मग म्हणालात, "मला गाण्यातलं काही कळत नाही. पेटी आहे ना? सूर कुठे हवा आणि कुठे लागतोय, ते दाबून दाखवा." मी पेटी खाली काढली. आईनं एक पट्टी दाबली, मग दुसरी. तुम्ही बोट ठेवून मोजलंत : काळ्या-पांढऱ्या मिळून तीन पट्ट्या खाली. म्हणजे काळी चारला गाणारा माणूस पांढरी चारला उतरावा, इतका फरक. मग तबकडीवर कागदाचा कपटा ठेवून घड्याळ लावून फेरे मोजलेत. मिनिटाला ३३ आणि वर एक तृतीयांश हवेत, भरत होते जेमतेम २८. तुम्ही आईकडे वळून, खणखणीत आवाजात म्हणालात, "वहिनी, तुमचा कान बरोबर आहे. मशीन चुकतंय."

आई म्हणाली, "पुन्हा एकदा म्हणा." तुम्ही पुन्हा म्हणालात.

कारण तुम्ही सांगितलंत तेव्हा ते इतकं सरळ होतं की त्या जाणकारांची मला कीव आली. अमेरिकेत वीज सेकंदाला ६० आवर्तनांची, आपल्याकडे ५०. ही मोटर व्होल्टेजला नाही, आवर्तनांना बांधलेली. ट्रान्सफॉर्मर लावून २३० चे ११० व्होल्ट होतात, ५० ची ६० आवर्तनं होत नाहीत. म्हणून तबकडी सहातला एक भाग हळू, आणि त्याच प्रमाणात बापूराव खाली. मोटरची पुली, म्हणजे बेल्ट ज्यावरून फिरतो ते छोटं चाक, एक पंचमांशानं जाड हवी. ती बाजारात शोधत बसण्यापेक्षा तुम्ही मित्राच्या लेथवर पितळेची टर्न करून आणलीत. मला ती बसवण्याआधी हातात धरायला दिलीत. बोटाच्या पेराएवढी वस्तू, पण सोनारानं घडवावी तशी.

स्पीकरचे ट्विटरही जळलेले नव्हतेच. पाठीमागच्या कंट्रोलच्या आत गंज धरून आवाज अडला होता, या स्पीकरचं हे जुनंच दुखणं, असं म्हणत तुम्ही तो साफ केलात. वूफरची कड बोटानं चाचपून दाखवलीत : कापडाची आहे, फोमची असती तर कधीच गळून पडली असती. म्हणजे तो दुसरा दुकानदार कोणता फोम बदलणार होता, हे त्यालाच ठाऊक. शेवटी तुम्ही आईच्या खिडकीजवळच्या खुर्चीत स्वतः बसून पाहिलंत आणि ट्विटर तिच्या कानाच्या उंचीला येतील असे स्पीकर मांडलेत. घराच्या शोभेचा विचार केला नाहीत, ते बरंच केलंत.

रेकॉर्ड लागली. पहिल्याच आलापीला आईनं पेटीवर बोट ठेवलं आणि सूर मिळाला. त्या क्षणी ती जे बोलली ते तिचं आणि तुमचं, मी इथे लिहीत नाही.

हल्ली म्हाताऱ्या माणसाशी कुणी थेट बोलतच नाही. बँकेत कागद तिचा असतो, प्रश्न मला विचारतात. दवाखान्यात दुखणं तिचं, आणि "यांना काय होतंय?" हे मला. सोबत आलेल्या मुलीकडे बघून बोलायची सवयच लागली आहे सगळ्यांना. समोरच्या बाईला ७८ वर्षांचा अनुभव आहे, तिचे कान साठ वर्षं सुरात मुरलेले आहेत, हे कुणाच्या मनातही येत नाही. तुम्ही शिकलेले किती, तुमच्याकडे उपकरणं कोणती, हे मी विचारलं नाही. तुम्हाला विचारायचं कुणाला हे कळतं. असा माणूस मिस्त्री असो, डॉक्टर असो की तलाठी, त्याच्या हाताखालचं काम नीटच होणार, असं मला आता ठामपणे वाटतं.

पैसे तुम्ही घेतले नाहीत. "तुकडा भंगारातलाच होता" म्हणालात. चहा आणि मूठभर चिवड्यावर आमची बोळवण केलीत. हे आईला मान्य नाही. तिचा निरोप जसाच्या तसा कळवते : येत्या एकादशीला मंडळ आमच्याकडे आहे, संध्याकाळी पाच वाजता. भजन झालं की बापूरावांची रेकॉर्ड लागेल, मग साबुदाण्याची खिचडी. काकूंना घेऊन यायचं. तुम्ही आला नाहीत तर ती रिक्षा करून डबा घेऊन सातपूरला येणार आहे, आणि गुडघे दुखत असताना तिला दोन जिने चढायला लावणं तुम्हाला आवडणार नाही.

तुमच्या वहिनींची मुलगी